एथिडियम ब्रोमाइड: गुरांच्या औषधाची दुसरी कारकीर्द

डीएनएला स्वतःचा रंग नाही. त्याचे तुकडे वेगळे करायला ते जेलच्या लादीतल्या खाचेत (वेलमध्ये) भरतात आणि वीज लावतात; तुकडे आकाराप्रमाणे कमी-जास्त वेगाने सरकतात. वेलमधून निघून जेलमध्ये पुढे पुढे सरकणारी निळी रेघ असते ब्रोमोफिनॉल ब्लू या सोबतच्या रंगाची. पहिल्यांदा प्रॅक्टिकलला बसलेली मुले हमखास तिलाच डीएनए समजतात. तुकडे साधारण कुठवर सरकले असतील, एवढेच ती सांगते. खरा डीएनए दिसतो तो ट्रान्सइल्युमिनेटर या खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, यूव्ही (अतिनील) प्रकाशात, नारिंगी पट्ट्यांच्या रूपात. हा नारिंगी उजेड देणारे रंगद्रव्य, एथिडियम ब्रोमाइड, मुळात प्रयोगशाळेसाठी बनलेलेच नव्हते.

आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे गुरांना नागना नावाचा रोग होतो. रक्तात ट्रिपॅनोसोमा हे परजीवी वाढतात आणि जनावर खंगत जाते. त्यावर डिमिडियम ब्रोमाइड हे औषध होते, पण ते काही जनावरांच्या यकृतावर उठायचे. नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीतले वॉटकिन्स आणि वुल्फ यांनी त्या रेणूतल्या नायट्रोजनवरचा मिथाइल गट काढून तिथे इथाइल बसवला आणि 1952 मध्ये निष्कर्ष छापले. हे नवे औषध म्हणजेच एथिडियम ब्रोमाइड, आणि ते जुन्यापेक्षा प्रभावी ठरले. पशुवैद्यकात त्याला होमिडियम म्हणतात. मात्रा साधारण किलोमागे 1 मिलिग्रॅम, स्नायूत इंजेक्शन.

हे औषध डीएनएला नेमके कसे चिकटते, याचा धागा वेगळ्याच रंगद्रव्यांतून मिळाला. 1961 मध्ये लिओनार्ड लर्मन यांनी अॅक्रिडीनवर काम करताना मांडले, की असे चपटे रेणू डीएनएच्या दोन लगतच्या बेस-जोड्यांच्या, म्हणजे डीएनएच्या शिडीतल्या पायऱ्यांच्या, मधल्या फटीत शिरतात. एथिडियमही तेच करते. ते शिरले की डीएनएचा पीळ थोडा उलगडतो आणि लांबी वाढते. पाण्यात मोकळे असताना हा रेणू जेमतेम चमकतो, कारण शोषलेली ऊर्जा आजूबाजूच्या पाण्याला देऊन टाकतो. फटीत शिरला की पाण्यापासून आडोसा मिळतो आणि चमक वीसेक पटींनी वाढते. ले पेक आणि पाओलेत्ती यांनी साठच्या दशकात फ्रान्समध्ये हे मोजून दाखवले. पार्श्वभूमी अंधारी आणि डीएनए तेवढा उजळ, हा जेलमधला सगळा खेळ या फरकावर उभा आहे.

तरीही जेलशी गाठ पडायला काही वर्षे गेली. 1967 मध्ये कॅलटेकमध्ये व्हिनोग्राड यांच्या गटाने एथिडियम वापरले ते सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवून जड-हलके वेगळे करणाऱ्या यंत्रात. बंद वर्तुळाकार डीएनएला पीळ मनासारखा उलगडता येत नाही, त्यामुळे त्यात रंगद्रव्य कमी शिरते आणि तो जड राहतो; तुटलेल्या वर्तुळात आणि सरळ धाग्यात जास्त शिरते, तो हलका होतो. सिझियम क्लोराइड या क्षाराच्या द्रावणाच्या नळीत दोन वेगळे थर दिसतात. पद्धत देखणी होती, पण फार वेळखाऊ.

जेलवाल्यांची अडचण निराळी होती. 1971 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅथलीन डॅना आणि डॅनियल नेथन्स यांनी एसव्ही40 विषाणूचा डीएनए रिस्ट्रिक्शन एन्झाइमने (ठरावीक जागीच डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने) कापला आणि 11 तुकडे वेगळे केले. ते तुकडे ओळखायला किरणोत्सर्गी फॉस्फरस लागला. म्हणजे आधी डीएनएला किरणोत्सर्गी खूण लावा, मग जेलवर फिल्म ठेवून ती काळी होण्याची वाट पाहा.

1972 मध्ये अॅमस्टरडॅममध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) डीएनएवर काम करणाऱ्या पीट बोर्स्ट यांच्या गटातून आय आणि बोर्स्ट यांचा शोधनिबंध आला: अगारोज जेल, एथिडियम, यूव्ही दिवा. पुढच्याच वर्षी कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये शार्प, सगडेन आणि सॅमब्रुक यांनी हीच पद्धत एन्झाइम शोधण्यासाठी वापरली आणि एकाच जिवाणूत दोन वेगळी रिस्ट्रिक्शन एन्झाइमे असल्याचे दाखवले. कोणत्या नळीत डीएनए कापला गेला, हे आता त्याच दिवशी कळू लागले. जेनेटिक इंजिनिअरिंगच्या इतिहासात प्लास्मिड (जिवाणूंतले छोटे डीएनए-वर्तुळ) आणि लायगेज (डीएनए जोडणारे एन्झाइम) यांचे गोडवे गायले जातात, या जेलचे फारसे नाहीत. पण आपण काय कापले आणि काय जोडले हे लगेच दिसले नसते, तर तो सगळा धडाका लांबणीवर पडला असता, असे माझे मत आहे.

भीती मागाहून आली. सत्तरच्या दशकात ब्रूस एम्स यांच्या चाचणीत, यकृताचा अर्क मिसळला असता, एथिडियम जिवाणूंमध्ये उत्परिवर्तने घडवते असे दिसले. बेस-जोड्यांत घुसणाऱ्या रेणूकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. त्यातून जांभळे नायट्राइल हातमोजे, वेगळा कोपरा आणि ‘ईटीबीआर’ (एथिडियम ब्रोमाइडचे लघुरूप) लिहिलेला कचऱ्याचा डबा आला. काळजी योग्यच, विशेषतः घट्ट स्टॉक द्रावण हाताळताना. पण जरा हिशेब करा. जेलमध्ये साधारणपणे मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम असते. 400 किलोच्या गाईला वरच्या मात्रेने 400 मिलिग्रॅम टोचले जातात. तेवढ्यात 800 लिटर जेल रंगेल. आणि एम्स चाचणी जिवाणूंतली उत्परिवर्तने मोजते, कर्करोग नाही.

या भीतीवर बाजारही उभा राहिला. अमेरिकेतल्या मॉलिक्युलर प्रोब्ज कंपनीने नव्वदच्या दशकात सायबर ग्रीन हे रंगद्रव्य आणले; ते एथिडियमपेक्षा कितीतरी संवेदनशील, आणि पुढे रिअल-टाइम पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढत असतानाच मोजण्याच्या तंत्रात) जास्त गाजले. नंतर सायबर सेफ आले. बायोटियमच्या जेलरेडमध्ये तर एथिडियमसारखेच दोन रेणू साखळीने जोडले आहेत! आकाराने मोठे झाल्यामुळे ते पेशीच्या पटलातून आत जाऊ शकत नाही, हा त्याच्या सुरक्षिततेचा आधार.

माझ्या मते एथिडियम सोडण्याचे जास्त पटणारे कारण यूव्ही हे आहे. जेलमधली पट्टी (बँड) कापून तो डीएनए क्लोनिंगला, म्हणजे जिवाणूंत घालून त्याच्या प्रती वाढवायला, वापरायचा असेल, तर ब्लेड चालवेपर्यंतच्या मिनिटा-दोन मिनिटांत यूव्हीमुळे डीएनएतले शेजारचे थायमिन बेस एकमेकांना चिकटतात आणि जिवाणूंच्या कॉलनी (वसाहती) कमी येतात. सायबर सेफ 470 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशातही चमकते, तिथे हा त्रास नाही. जेलरेडला मात्र यूव्हीच लागतो, त्यामुळे हातमोज्यांची चिंता मिटली तरी डीएनएची मिटत नाही. नुसते पीसीआर झाले की नाही एवढेच पाहायचे असेल, तर जुने स्वस्त एथिडियम पुरते.