खिशातल्या चाकूचे पाणी जोखताना

पहिला बहुउपयोगी चाकू घ्यायला निघालेल्या माणसाची नजर बहुधा वेष्टनावरच्या आकड्यावर जाते. बारा कामे करणाऱ्या चाकूपेक्षा एकवीस कामे करणारा चाकू सरस असणार, असे आपण नकळत धरून चालतो. हा आकडा कसा जुळवला जातो हे एकदा पाहून घ्यावे. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या स्पार्टन या प्रसिद्ध चाकूची बारा कामे मोजायला बसले, तर मोठे पाते, छोटे पाते, बुचाचा स्क्रू, डबा फोडणी, तिच्या टोकाचा ३ मिलिमीटरचा स्क्रू ड्रायव्हर, बाटलीचे झाकण काढणारा आकडा, त्याच्या टोकाचा ६ मिलिमीटरचा स्क्रू ड्रायव्हर, त्याच आकड्याच्या बुडाशी असलेली वायर सोलायची खाच, टोच्या, चिमटा, दातकोरणे आणि शेवटी किल्ल्या अडकवायची कडीसुद्धा एक काम म्हणून धरलेली आढळते. यात लबाडी काही नाही, पण मुठीतून उलगडणाऱ्या वस्तू प्रत्यक्षात सहाच आहेत. माझ्या मते हीच या चाकूची खरी थोरवी आहे.

ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८८० च्या दशकाअखेरीस स्वित्झर्लंडच्या सैन्याने नवी रायफल स्वीकारली. ती उघडून साफ करायला स्क्रू ड्रायव्हर लागे आणि डब्यातले अन्न खायला डबा फोडणी लागे, म्हणून पाते, टोच्या, डबा फोडणी आणि स्क्रू ड्रायव्हर एकत्र असलेला लाकडी मुठीचा शिपाई चाकू ठरवण्यात आला. त्याचा पहिला पुरवठा जर्मनीतल्या झोलिंगेनहून झाला. श्विझ परगण्यातल्या इबाख गावी १८८४ पासून कारखाना चालवणाऱ्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये हे काम मायदेशी आणले, आणि १२ जून १८९७ रोजी त्यांनी अधिक हलक्या, अधिक सुबक अशा ‘अधिकारी चाकूची’ नोंदणी केली. त्यात सहा साधने होती, पण स्प्रिंगा दोनच होत्या. मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी एका बाजूच्या पात्यावर दाब ठेवते, तीच दुसऱ्या बाजूला उघडणाऱ्या टोच्यालाही धरून ठेवते. एका पट्टीकडून दुहेरी काम करून घेतल्यामुळे चाकूची जाडी वाढली नाही. आजही अशा चाकूची जाडी साधनांच्या संख्येपेक्षा थरांच्या संख्येवर ठरते, कारण प्रत्येक नव्या थराबरोबर एक पट्टी आणि एक पातळ विभाजक पत्रा येतो. दोन थरांचा स्पार्टन सुमारे ६० ग्रॅमचा आहे, तर ३३ कामांचा स्विसचॅम्प १८५ ग्रॅमचा. पहिला चाकू सदऱ्याच्या खिशात राहतो, दुसरा आठवड्याभरात टेबलाच्या खणात जातो.

आता पोलादाकडे वळू. आपल्याकडे लोहार विळ्याला ‘पाणी पाजतो’. लालभडक तापलेले पाते पाण्यात बुडवले की चर्र आवाज होतो आणि धार टिकाऊ बनते. या क्रियेत पाणी पोलादात मुरत नाही. तापलेल्या लोखंडाच्या स्फटिकरचनेत कार्बनच्या अणूंना शिरायला जागा असते. सावकाश थंड होताना ते अणू बाहेर पडू शकतात, पण एकदम थंड केल्यावर ते जागच्या जागी अडकून पडतात. अशी ताणलेली, वेडीवाकडी झालेली रचना सहजासहजी सरकत नाही आणि म्हणून पाते कठीण होते. ते काचेसारखे ठिसूळही होते, त्यामुळे त्याला पुन्हा बेताची ऊब देऊन थोडा कठीणपणा सोडावा लागतो आणि त्या बदल्यात चिवटपणा मिळतो. किती सोडायचा आणि किती राखायचा, यातच कारागिरी आहे.

हा सौदा प्रत्येक साधनापुरता वेगळा करावा लागतो. रॉकवेल मापनात हिऱ्याचा शंकू ठरावीक दाबाने धातूत रुतवून खोली मोजतात आणि त्यावरून कठीणपणाचा अंक काढतात. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या पात्यांसाठी ५६, कात्री व करवतीसाठी ५३, स्क्रू ड्रायव्हर, डबा फोडणी व टोच्यासाठी ५२, तर स्प्रिंगांसाठी ४९ हा अंक सांगते. स्प्रिंग मऊ का, याचे उत्तर तिच्या कामात आहे, कारण तिला हजारो वेळा वाकून पुन्हा सरळ व्हायचे असते. स्क्रू ड्रायव्हर पात्याइतका कठीण केला तर पीळ बसताच त्याचा कोपरा उडेल, आणि फार मऊ ठेवला तर टोक पिळवटून जाईल. हा दुसरा प्रकार मी स्वतः अनुभवला आहे. जत्रेत स्वस्तात मिळालेल्या, अठरा कामांची बढाई मारणाऱ्या एका बिननावाच्या मल्टिटूलने मी पंख्याच्या रेग्युलेटरचा स्क्रू सोडवायला गेलो, तर स्क्रू जागचा हलला नाही, पण स्क्रू ड्रायव्हरचे टोक मात्र जिलबीसारखे वळले. बाहेरून चकाकणाऱ्या त्या साधनाला मुळात पाणीच पाजलेले नव्हते.

पाते फार कठीण नको, असे मी पहिल्या चाकूबाबत मुद्दाम म्हणेन. ६० च्या वरचा अंक मिरवणाऱ्या पोलादाची धार दीर्घकाळ टिकते खरी, पण बोथट झाल्यावर ती घरच्या घरी परतवणे नवशिक्याला जड जाते. ५६ च्या आसपासचे पाते लवकर बोथटते आणि साध्या निसण्यावर पाचदहा हातांत ताळ्यावरही येते. धार म्हणजे शेवटी क्षेत्रफळाचा हिशेब आहे. समजा, धारेची कड एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, रुंद आहे आणि तिचा दोन सेंटिमीटर भाग सुतळीवर टेकवून आपण दोन किलो वजनाइतका जोर दिला, तर सुतळीवर पडणारा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट होतो. तीच कड दहा मायक्रोमीटर बोथटली की दाब दहाव्या हिश्श्यावर येतो. मग माणूस दहापट जोर लावू पाहतो, पाते निसटते आणि बोट कापते. बोथट चाकू जास्त घातक ठरतो तो असा.

गंजाचे गणित वेगळे आहे. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त पोलाद बनवले. त्यात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो, आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा भरून येतो. एल्सनरांच्या कंपनीने १९२१ मध्ये हे पोलाद वापरायला सुरुवात केली. आईच्या स्मरणार्थ दिलेल्या ‘व्हिक्टोरिया’ या नावाला अशा पोलादाचा फ्रेंच संक्षेप ‘इनॉक्स’ जोडला गेला आणि ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे आजचे नाव जन्मले. पण मिठातले क्लोराइड हा पापुद्रा टोकरते. म्हणूनच रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या दमट हवेत स्टेनलेस चाकूच्याही बिजागरीशी तांबूस ठिपके दिसू लागतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने बऱ्याच मशागतीची अपेक्षा ठेवणारे साधे कार्बनी पोलाद पहिल्याच खेपेस घेऊ नये.

यानंतर खरा प्रश्न येतो तो पक्कड हवी की नको हा. टिम लेदरमन हे अमेरिकी अभियंते १९७५ मध्ये जुन्या फियाट गाडीतून पत्नीसह युरोप फिरत होते. खिशातला चाकू हरघडी कामी येई, पण गाडी आणि हॉटेलांचे नळ दुरुस्त करताना पक्कड नसल्याची चुटपुट लागे. त्यातून सुचलेल्या साधनाचे पेटंट १९८० मध्ये मिळाले आणि ते १९८३ मध्ये विक्रीला आले. तरफेचे तत्त्व इथे स्पष्ट दिसते. आसापासून आठ सेंटिमीटरवर मूठ दाबली आणि आसापासून एक सेंटिमीटरवर तार ठेवली, तर हाताचा जोर आठपट होतो. निमुळत्या चोचीच्या टोकाशी मात्र तो जेमतेम दुप्पट राहतो, म्हणून तार नेहमी आसाजवळ धरून तोडावी. अडकित्ताही याच नियमाने सुपारी फोडतो, फक्त त्यात सुपारी आस आणि हात यांच्या मध्ये येते. मात्र या सामर्थ्याची किंमत वजनात मोजावी लागते. लेदरमन वेव्ह सुमारे २४० ग्रॅमचे आहे, म्हणजे चार स्पार्टनांइतके. सायकल, मोटारसायकल किंवा वायरिंगशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याने पक्कडवाले साधन घ्यावे. पार्सल उघडणे, फळ कापणे, दोरा तोडणे, चष्म्याचा स्क्रू आवळणे एवढ्यासाठी ते ओझे आहे, आणि तिथे पकडीपेक्षा कात्री दसपट उपयोगी पडते.

आपल्या घरांत बुचाचा स्क्रू बहुधा गाठी सोडवायलाच वापरला जातो. त्याच्या जागी पाठीच्या मध्यातून उघडणारा चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर असलेला, व्हिक्टोरिनॉक्सच्याच टिंकरसारखा चाकू मला अधिक पसंत आहे. तो उघडला की इंग्रजी टी अक्षराचा आकार होतो, ९१ मिलिमीटरची अख्खी मूठ आडव्या दांड्यासारखी हातात येते आणि पीळ चांगला बसतो. चौफुलीच्या खाचेच्या भिंती उतरत्या असल्याने टोक वर निसटू पाहते, तेव्हा पिळताना तळहाताने दाबही द्यावा.

बऱ्याच छोट्या चाकूंना कुलूप नसते. पाते स्प्रिंगच्या दाबानेच उघडे राहते. धारेकडून कापताना पाते मागच्या टेकूवर अधिकच रेटले जाते, पण टोक खुपसताना किंवा पाठीवर जोर देताना तोच जोर बिजागरीभोवती उलटा फिरतो आणि पाते बोटांवर मिटते. म्हणून पुठ्ठ्यात भोक पाडायला टोच्या सरळ रेषेत दाबावा, पाते कधीच नाही. कुलूपवाल्या चाकूत हा धोका कमी असला, तरी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे की तिथे सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायला मुभा आहे ती तीन इंचांपर्यंत धार असलेल्या, कुलूप नसलेल्या घडीच्या चाकूलाच. भारतातील शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्यातूनही घरगुती व शेतीच्या वापराची पाती वगळली आहेत, त्यामुळे खिशातला चाकू त्या यादीपासून दूर आहे. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यावर मनाई आदेश असताना चाकू घरीच बरा, आणि विमानाने जाताना तो चेक-इन बॅगेत टाकावा.

दुकानात चाकू हातात आला की वेष्टनावरचे वाचन बाजूला ठेवून पाते हळूहळू उघडावे. चांगल्या चाकूत सुरुवातीचा ताण, मधली सरक आणि शेवटी ‘टक’ असा कोरडा आवाज या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या जाणवतात. उघडे पाते टोकाशी धरून डावीउजवीकडे हलवले तर ते डुगडुगू नये. मिटलेला चाकू दिव्यासमोर धरल्यावर थरांमधून उजेडाची जाड रेघ दिसू नये. धार वर करून दिव्याखाली फिरवली आणि तिच्यावर कुठे चमचमता ठिपका दिसला, तर तिथे धार बसलेली नाही, कारण खरी धार इतकी अरुंद असते की ती प्रकाश परतवत नाही.

घरी आणल्यावर खिशातली धूळ आणि फळांचा रस बिजागरीत साठत जातो. महिन्यातून एकदा चाकू कोमट पाण्यात बुडवून सगळी पाती पाण्याखालीच आठदहा वेळा उघडमीट करावीत, पुसून पूर्ण वाळवावीत आणि पाते जिथे स्प्रिंगवर घासते तिथे तेलाचा एकच थेंब सोडावा. स्वयंपाकघरातले शेंगदाणा तेल इथे चालत नाही, कारण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते चिकट राळेसारखे बनते आणि पाते अडकू लागते. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन तसे घट्ट होत नाही, आणि त्याच पात्याने नंतर पेरू कापला तरी काही बिघडत नाही.