तबकडीवर बर्फ, आत हेअरस्प्रिंग

ग्रँड सेको या जपानी कंपनीच्या 'स्नोफ्लेक' घड्याळाची तबकडी ताज्या बर्फासारखी दिसते, पण तिच्यावर पांढरा रंग नाही. साच्याने दाबून उमटवलेली बारीक उंचसखल नक्षी आणि तिच्यावर चांदीचा मुलामा, एवढंच. उजेड चहूकडे विखुरतो आणि तबकडी पांढरी दिसते. खऱ्या बर्फाचंही तेच: कण पारदर्शक, ढीग पांढरा.

स्नोफ्लेकची चाल क्वार्ट्झचा स्फटिक सांभाळतो. त्याच कंपनीच्या 'व्हाइट बर्च' घड्याळामधलं ९एसए५ यंत्र मात्र निखळ यांत्रिक आहे. ताशी ३६,००० ठोके, पूर्ण चावीवर ८० तास. थंडीचा खरा कस लागतो तो अशा यंत्रातल्या हेअरस्प्रिंगचा, म्हणजे बॅलन्स व्हील हे मागेपुढे झुलणारं चाक सांभाळणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचा.

साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग तापली की तिचा ताठपणा कमी होतो आणि घड्याळ मागे पडतं: दर अंशाला दिवसाकाठी सुमारे ११ सेकंद. ग्वाल्हेरात जानेवारीची पहाट ५ अंशांची, मेची दुपार ४५ची. फरक ४० अंश, म्हणजे ४४० सेकंद, दिवसाला सात मिनिटांहून जास्त! (हे टेबलावरच्या घड्याळाचं, मनगटाच्या उबेमुळे फरक बराच कमी होतो.) शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधून हा प्रश्न सोडवला, त्यांना १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज क्रोनोमीटरला, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाला, दर अंशाला ०.६ सेकंदाचीच मुभा असते. त्याची चाचणी ८, २३ आणि ३८ अंशांवर होते. आपलं ग्वाल्हेर दोन्ही टोकांना त्याबाहेर जातं!

थंडीत तेलही घट्ट होतं, बॅलन्स व्हीलचा झोका आखूड पडतो. म्हणून रात्री घड्याळ खिडकीत ठेवू नये.

सर्वात मोठा धोका दमटपणाचा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या उबदार खोलीतून धुक्यात गेल्यावर काचेच्या आतून वाफ धरली, तर आत ओल आहे; बहुधा गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, कडक झालेलं असतं. तेव्हा चावी ओढू नका, हीटरजवळही धरू नका: पाण्याची वाफ होऊन ती यंत्रभर पसरते आणि पोलादी भाग गंजतात. त्याच दिवशी कारागिराकडे न्या. तो घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतो आणि मिनिटभराने पुसतो. थेंबाखाली आतून धुकं दिसलं, की घड्याळ उघडून वाळवायचं आणि गॅस्केट बदलायचं.