कोकीळ मधमाश्या

स्वतः घरटे न बांधता दुसऱ्या माश्यांच्या तयार घरट्यांत अंडी घालणाऱ्या मधमाश्यांना कोकीळ मधमाश्या म्हणतात. ही एक जात नव्हे की एक कूळही नव्हे. मधमाश्यांच्या वेगवेगळ्या शाखांत ही सवय अनेकदा स्वतंत्रपणे उपजली आहे. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती ज्ञात असून त्यांतील दहात एकीहून अधिक अशा परोपजीवी आहेत.

सातेरी, आग्या किंवा फुलोरी यांच्या पोळ्यांकडे त्या फिरकत नाहीत. त्यांचा डोळा असतो तो जमिनीत, पोकळ काडीत किंवा मातीच्या भिंतीत एकट्याने घरटे करणाऱ्या माश्यांवर. अशी मादी प्रत्येक अंड्यासाठी वेगळा कप्पा करते, त्यात पराग व मकरंदाचा साठा भरते, अंडे घालते आणि कप्पा लिंपून टाकते. सहसा ती तो पुन्हा उघडून पाहत नाही, आणि चोरी साधते ती नेमकी यामुळे. कावळ्याला कोकिळेचे पिल्लू निदान भरवावे तरी लागते. इथे आगंतुक यजमानाच्या नजरेलाही पडत नाही.

महाराष्ट्रात तुळशीच्या मंजिऱ्यांवर घोंघावणारी निळ्या पट्ट्यांची अमेजिला परिचित आहे. तिच्या घरट्यावर थायरियस टपलेली असते: काळी, अंगावर निळसर-पांढरे ठिपके, दिसायला यजमानापेक्षा देखणीच. रात्री ती जबड्याने काडी घट्ट धरून झोपते. जुन्या ग्रंथांत, उदाहरणार्थ बिंगहॅम (१८९७), ती क्रोसिसा या नावाने सापडते. गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून नेणाऱ्या मेगाकाइलीच्या मागे सीलिऑक्सिस असते. हिच्या मादीचे पोट शेवटी टोकदार असते. पानांच्या अस्तराला भोक पाडून अंडे आत सरकवायला ते उपयोगी पडते.

पुढचे काम बहुधा अळीचे. कोवळ्या वयात तिला कोयत्यासारखे लांब जबडे असतात. त्यांनी ती यजमानाचे अंडे किंवा अळी मारते. कप्प्यात दुसरी परोपजीवी अळी असली तर तिलाही सोडत नाही. नंतर कात टाकताना ही हत्यारे जातात आणि ती निवांतपणे साठा खात बसते. स्फेकोडिस या गटात मात्र यजमानाचे अंडे आईच नष्ट करते.

पराग वाहायचा नसल्याने या माश्यांच्या पायांवर वा पोटाखाली परागाचे केसाळ ब्रश उरलेले नाहीत. नोमाडा तर इतकी तुळतुळीत आणि पिवळी-तांबडी असते की ती गांधीलमाशीच वाटावी. कवच मात्र जाड असते, कारण घरमालकीण घरी सापडली तर डंखाशी गाठ असते.

बंबलबी म्हणजे वसाहत करून राहणाऱ्या जाड, केसाळ मधमाश्या. त्यांच्यातील सायथिरस हा उपगट वेगळा म्हणावा लागेल. त्याची मादी यजमानाच्या वसाहतीत शिरते, बहुधा राणीला मारते किंवा दबवते आणि तिच्याच कामकरी माश्यांकडून आपली पिल्ले वाढवून घेते. सायथिरसला स्वतःच्या कामकरी माश्या नसतात. युरोपात बॉम्बस व्हेस्टॅलिस ही बॉम्बस टेरेस्ट्रिसच्या वसाहतींत असे करते. भारतात बंबलबी मुख्यतः हिमालयातल्या. सह्याद्रीत हा प्रकार पाहायला मिळत नाही.

यजमान घटले की कोकीळ माश्या त्यांच्याआधी दिसेनाशा होतात. म्हणून एखाद्या बांधावर त्या नियमित आढळत असतील तर तिथे यजमानांची वस्ती चांगली आहे असे अभ्यासक मानतात. शोधायच्या असतील तर फुलांपेक्षा बिळे असलेल्या उघड्या जमिनीवर लक्ष ठेवावे. परागाशिवाय, जमिनीलगत, बिळामागून बीळ तपासत संथ उडणारी माशी बहुधा हीच असते.