अंकाआधीचे कॅपिटल अक्षर

इंग्रजी लेखनात नामापाठोपाठ अंक आला आणि दोन्ही मिळून एका ठरावीक वस्तूची ओळख पटत असेल, तर त्या नामाचे पहिले अक्षर बहुधा कॅपिटल लिहितात. आपल्याकडे शाळेत कॅपिटल अक्षरांना ‘पहिली लिपी’ म्हणत. ‘रूम ६’ मधला ‘आर’ मोठा, पण ‘सिक्स रूम्स’ मधला लहान.

देवनागरीत मोठे-लहान अक्षर हा भेदच नाही, त्यामुळे हा संकेत मराठी माणसाला पाठ करावा लागतो. त्यामागचा विचार मात्र कोकण किनाऱ्यावर जुनाच आहे. समुद्र खवळणार असला की बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागतो. बावटे तीन नसतात. एक ते अकरा अशा इशाऱ्यांतला तो तिसरा. होड्या किनाऱ्याला ओढायच्या की नाही, हे त्या आकड्यावर ठरते. ‘तीन बावटे’ ही मोजणी, ‘तीन नंबरचा बावटा’ ही ओळख. हा फरक मराठीत एकटा ‘नंबरचा’ हा शब्द सांभाळतो. इंग्रजीत तेच काम शब्दक्रम आणि कॅपिटल अक्षर मिळून करतात: ‘थ्री सिग्नल्स’ मध्ये ‘एस’ लहान, ‘सिग्नल ३’ मध्ये मोठा.

अंक काढला की मोठेपणही जाते. पनवेलहून कोकणात उतरणारा रस्ता ‘नॅशनल हायवे ६६’ असा लिहिताना ‘एन’ आणि ‘एच’ मोठे. पुढच्या वाक्यात नुसता ‘द हायवे’ आला की ‘एच’ लहान. क्रमवाचक शब्द आधी आला तरी तसेच: ‘थर्ड चॅप्टर’ मध्ये ‘सी’ लहानच.

जमिनीच्या इंग्रजी कागदांत सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर लिहिताना ‘नंबर’चा ‘एन-ओ’ असा संक्षेप येतो. तो लॅटिन ‘न्यूमेरो’वरून आला आहे. त्यातला ‘एन’ बहुधा मोठा लिहितात आणि शेवटी टिंब देतात, नाहीतर तो ‘नाही’ या अर्थाचा ‘नो’ वाचला जाऊ शकतो.

इंग्रजी लेखनाच्या सगळ्या शैली, म्हणजे नियमावल्या, मात्र एकमताच्या नाहीत. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीत ‘टेबल ३’, ‘फिगर २’, ‘चॅप्टर ४’ यांना कॅपिटल लागते, पण ‘पेज १२’ किंवा तक्त्यातल्या ‘रो ३’ला लागत नाही. शिकागो शैली ‘चॅप्टर’ आणि ‘टेबल’सुद्धा लहान अक्षरानेच लिहिते. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आंब्यावर इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्याने म्हणूनच आधी शैली विचारून घ्यावी. एकाच प्रबंधात दोन्ही रीती मिसळणे, ही खरी चूक.