शिक्का मशीनचा, सही साहेबांची

२००६ साली राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात काही आरोग्य उपकेंद्रांवर एक छोटं यंत्र आलं. तारीख आणि वेळ कागदावर छापून देणारं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी, म्हणजे सरकारी भाषेतल्या एएनएमनी, ठरलेल्या दिवशी तीन वेळा नोंदवहीत हा शिक्का उमटवायचा. यंत्राला पासवर्ड होता, त्यामुळे घड्याळ मागे फिरवायची सोय नव्हती. निम्म्याहून जास्त वेळा गैरहजर आढळलात तर पगार कापला जाणार, आणि पुढेही तेच चालू राहिलं तर निलंबन. नियम सरकारी आरोग्य खात्याचा, हजेरीचा हिशेब ठेवणारी सेवा मंदिर ही तिथली स्वयंसेवी संस्था, आणि परिणाम मोजायला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचेल ग्लेनरस्टर हे अर्थशास्त्रज्ञ. (बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर, हे आपल्याकडे २०१९च्या नोबेलनंतर बरंच गाजलं होतं.)

एवढा खटाटोप कशासाठी? आधीच्या पाहणीत असं दिसलं होतं की कामाच्या वेळेत ही उपकेंद्रं सुमारे ५६ टक्के वेळा बंदच असतात. पोर कडेवर घेऊन कोरड्या डोंगरातून चालत यायचं, आणि कुलूप बघून परत जायचं. आज उघडं असेल की नाही याचा भरवसा नाही म्हटल्यावर लोक यायचेच कमी होतात.

यंत्र आलं आणि उपस्थिती खरंच वाढली. पहिले सहा महिने चांगले गेले. मग नोंदींमध्ये एक तिसराच रकाना फुगू लागला. ‘हजर’ नाही, ‘गैरहजर’ नाही, तर ‘सूट’. आज बैठक होती, आज फिरतीवर होत्या, आज वरून बोलावलं होतं. अशी सूट मान्य करणं स्थानिक आरोग्य प्रशासनाच्या हातात होतं आणि ते ती मान्य करत गेलं. सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या उपकेंद्रांच्या उपस्थितीत काही फरक उरला नाही. नियम मोडला कुणीच नव्हता. कागदावर सगळं नीट होतं.

ज्या वाचकांनी सरकारी कचेरीत दोन-चार वर्षं काढली आहेत, त्यांना हे वाचून हसू आलं असेल. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ आणि ‘बाई फिरतीवर आहेत’ ही वाक्यं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. हालचाल नोंदवहीत जेवढी हालचाल असते तेवढी खरोखरीच्या कामात असती, तर काय हवं होतं!

याच जिल्ह्यात, त्याच सेवा मंदिराच्या मदतीनं, त्याआधी तीन वर्षं एक दुसरा प्रयोग सुरू झाला होता. संस्थेच्या एकशिक्षकी अनौपचारिक शाळांमध्ये मास्तरांना कॅमेरे दिले. शाळा भरली की एखाद्या मुलानं मास्तरांचा आणि वर्गाचा फोटो काढायचा, सुटताना पुन्हा एक. दोन फोटोंमध्ये किमान पाच तासांचं अंतर आणि फोटोत किमान आठ मुलं हवीत. त्या वेळी पगार महिन्याला हजार रुपये होता. या शाळांत तो हजेरीला जोडला आणि ५०० ते १,३०० रुपयांच्या दरम्यान वर-खाली होऊ दिला. साध्या शाळांत मास्तरांची गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेऱ्याच्या शाळांत ती २१ टक्क्यांवर आली. मुलांचे गुणही थोडे वाढले.

एकच जिल्हा, जवळपास सारखीच युक्ती. मग एकीकडे चालली आणि दुसरीकडे का नाही? मास्तर कंत्राटी होते, नर्सबाई सरकारी नोकरीत होत्या, हे एक कारण आहेच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. कॅमेरा आणि पगार यांच्या मध्ये, ‘असू दे, माझ्या जबाबदारीवर’ असं म्हणू शकणारा कुणी बसलेला नव्हता. शिक्क्याच्या यंत्रामागे तो होता. सरकारी नोकरांना कामाला कसं लावायचं यावर आपण बोलतो तेव्हा सगळा रोख खालच्या माणसावर असतो. त्याला बक्षीस द्यावं की दंड करावा, बायोमेट्रिक बसवावं की सीसीटीव्ही. त्याच्या एक पायरी वर बसलेल्या माणसाकडे क्वचितच कुणी बघतं.

बक्षीस आणि दंडाचीही गंमत आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला. संध्याकाळी मुलांना न्यायला आईबाप उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला, दहा शेकेल. उशीर वाढला, सुमारे दुप्पट झाला. दंड काढून टाकल्यावरही पहिल्यासारखं झालं नाही. आधी उशीर झाला की सांभाळणाऱ्या बाईंसमोर ओशाळं वाटायचं, आता तिथं दर लागला होता. पैसे टाका आणि निवांत या. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांचा हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या सेवा हक्क कायद्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या २०१५च्या कायद्यात, वेळेत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ती वाचताना मला हे पाळणाघर आठवतंच.

सार्वजनिक सेवेतल्या कामाला आणखी एक अडचण असते. कारखान्यात नग मोजता येतात, इथं कामाचा मोजता येणारा भाग छोटा आणि न मोजता येणारा मोठा. आशाताईंचंच बघा. २००५ पासून चालत आलेली ही योजना मुळात बरीचशी कामागणिक मोबदल्यावर उभी राहिली. बाळंतपण दवाखान्यात झालं की इतके, लसीकरण पुरं झालं की इतके. पण रात्री अकराला नवरा दारू पिऊन आला म्हणून शेजारची पोर रडत येते, तिची समजूत काढण्याला कुठल्या रकान्यात लिहायचं? बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम यांनी १९९१मध्येच हे गणितानं मांडलं होतं. एका माणसाकडे अनेक कामं असतील आणि त्यातल्या मोजता येणाऱ्या कामांनाच पैसे लावले, तर लक्ष तिकडे ओढलं जातं आणि उरलेली कामं वाळत जातात. पुढे दोघांनाही, वेगवेगळ्या वर्षी, नोबेल मिळालं. आपल्या आशाताईंनी हे सिद्धांत न वाचता रस्त्यावर येऊन सांगितलं, की आम्हाला ठरलेलं मानधन द्या.

आता इथून ‘सेवाभाव हाच खरा, पैसा वाईट’ अशा निष्कर्षावर उडी मारायचा मोह होतो. अमेरिकेतल्या जेम्स पेरी यांनी १९९६मध्ये या सेवाभावाची रीतसर मोजणी सुरू केली. लोकहिताची बांधिलकी, करुणा, त्यागाची तयारी, आणि धोरणं घडवण्याची ओढ अशा चार अंगांनी ती करतात. सेवाभाव असतो, यात शंका नाही. पण झांबियातला एक प्रयोग या भाबडेपणाला चांगला चिमटा काढतो. २०१०मध्ये तिथं गावोगावच्या आरोग्यसेवकांची भरती निघाली. काही जिल्ह्यांतल्या जाहिरातीत लिहिलं, ‘आपल्या गावाची सेवा करा’. इतर जिल्ह्यांत लिहिलं, ‘या नोकरीत पुढे जाता येईल’. भीती अशी की दुसऱ्या जाहिरातीनं मतलबी माणसं येतील. प्रत्यक्षात त्या जिल्ह्यांतून निवडलेल्या सेवकांनी घरभेटी २९ टक्के जास्त केल्या, आणि तिथल्या कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण चौथाईनं घटलं. पुढे जायची इच्छा आणि लोकांविषयीची कळकळ एकाच माणसात सुखानं नांदतात. बढतीची आशा धरली म्हणून कुणी कमी सेवाभावी ठरत नाही. पंधरा वर्षं त्याच टेबलावर बसवलेल्या कनिष्ठ लिपिकाकडून सेवाभावाची अपेक्षा धरणारे मात्र मला जरा जास्तच भाबडे वाटतात.

झांबियाचंच दुसरं उदाहरण. राजधानी लुसाकामध्ये केस कापणाऱ्यांच्या दुकानांतून स्त्रियांसाठीचे काँडोम विकायची आरोग्य मोहीम होती. काहींना विक्रीवर घसघशीत हिस्सा दिला. काहींना एक पैसाही नाही, फक्त दुकानात एक तक्ता लावून दिला आणि विक्री झाली की त्यावर चांदणी चिकटवायची. चांदणीवाल्यांनी इतरांपेक्षा दुप्पट माल विकला. बालवाडीत चालतं ते मोठ्यांनाही चालतं. फक्त ती चांदणी गिऱ्हाईक, शेजारी, ओळखीचे अशा सगळ्यांना दिसायला हवी. पूर्वी दरवर्षी बंद पाकिटात जाणारा कर्मचाऱ्याच्या कामाचा गोपनीय अहवाल हा याच्या अगदी उलटा प्रकार होता.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते पाकिस्तानी पंजाबमधलं संशोधन. विषय अगदीच रुक्ष: सरकारी कचेऱ्यांसाठी कागद, पेन, प्रिंटरची शाई अशा वस्तूंची खरेदी. सहाशे खरेदी अधिकारी घेतले आणि त्यांचे गट पाडले. एका गटाला सांगितलं, स्वस्तात खरेदी करा, बक्षीस म्हणून पगाराच्या पटीत पैसे मिळतील. दुसऱ्या गटाला बक्षीस नाही, मोकळीक दिली. हाताशी जास्त रोकड, बिलाला कोणती कागदपत्रं लागतील त्याची आधीच ठरवून दिलेली यादी, म्हणजे ऐन वेळी ‘अमुक दाखला कुठंय?’ हा प्रश्न बंद. तिसऱ्या गटाला दोन्ही दिलं, चौथ्याला काहीच नाही.

मोकळीक मिळालेल्यांनी तोच दर्जा राखून सुमारे नऊ टक्के स्वस्तात खरेदी केली. बक्षीसवाल्यांचा सरासरी परिणाम किरकोळ. का, याचं उत्तर बिल पास करणाऱ्याच्या टेबलावर सापडलं. काही जिल्ह्यांत लेखा कार्यालय बिलं वर्षभर अडकवून आर्थिक वर्ष संपता संपता सोडायचं. आपल्याकडचा मार्च एंड, त्यांच्याकडचा जून. दुकानदारालाही ते ठाऊक. पैसे वर्षअखेरीला मिळणार म्हणून तो भाव वाढवूनच सांगणार. अशा ठिकाणी खरेदी अधिकाऱ्याला कितीही बक्षीस दाखवा, तो करणार काय? लेखा कार्यालय धड वागणारं होतं तिथं बक्षिसाचा उपयोग झाला. ते अडवणारं होतं तिथं मोकळीक कामी आली. आपल्याकडेही एखादी चांगली बाई ‘काही होत नाही हो, ट्रेझरीत अडकलंय’ म्हणते, तेव्हा तिची प्रेरणा कमी झालेली नसते. ती खरं सांगत असते.

नायजेरियातही हेच चित्र दिसलं. इम्रान रसूल आणि डॅनियल रॉजर यांनी ६३ सरकारी संस्थांची ४,७०० कामं तपासली: विहिरी, रस्ते, इमारती, प्रशिक्षणं. जिथं कर्मचाऱ्यांना निर्णयाची मोकळीक होती तिथं कामं जास्त पुरी झाली. जिथं देखरेख आणि प्रोत्साहनाचे तक्ते जास्त, तिथं कमी. याचा अर्थ देखरेख नकोच असा घेऊ नये, उदयपूरचे मास्तर विसरून चालणार नाही. शाळेत मास्तर हजर आहे की नाही ही गोष्ट फोटोत मावते. रस्ता कुठून न्यावा, ही मावत नाही.

आणि मधला साहेब? राजस्थान पोलिसांत १६२ ठाण्यांवर काही सुधारणा करून पाहिल्या. त्यातली एक अगदी माणुसकीची होती. शिपायाला आठवड्यातून एक सुट्टी. ती धड राबवलीच गेली नाही, कारण सुट्टी द्यायची ठाणेदारानं, आणि माणसं हवी तेव्हा हाताशी असणं हीच तर त्याची सत्ता. प्रशिक्षण मात्र उपयोगी पडलं. तक्रारदार बनून अचानक ठाण्यात जाणारी माणसं पाठवली, त्याचाही परिणाम दिसला. या दोन्ही गोष्टींना ठाणेदाराची रोजची मर्जी लागत नव्हती.

महाराष्ट्रानं हे दुखणं एका कायद्यात तरी ओळखलं होतं. २००५चा आपला बदल्यांचा कायदा नावातच दोन गोष्टी एकत्र बांधतो, बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध. एका जागी साधारण तीन वर्षं, आणि फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त नाही. जोडी विचारपूर्वक केलेली आहे. सात महिन्यांत बदली होणाऱ्या साहेबाला टेबलावरच्या फाईलींपेक्षा नव्या गावातल्या शाळाप्रवेशाची काळजी जास्त असणार.

राहिला प्रेरणेचा मुद्दा, म्हणजे काम करावंसं वाटणं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या देणगी विभागात फोनवरून पैसे मागणारी मुलं कंटाळलेली होती. ॲडम ग्रँट यांनी त्यातल्या काहींची त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं गाठ घालून दिली. महिन्यानंतर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढला, जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी. पुढे इटलीत निकोला बेले यांनी सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकांवर असाच प्रयोग केला. शस्त्रक्रियेचं साहित्य भरून पेट्या तयार करायच्या होत्या. वरिष्ठांच्या स्फूर्तिदायक भाषणाचा परिणाम झाला, पण जोर आला तो भाषणाच्या जोडीला त्या पेट्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यापैकी कुणाशी भेट झाली तेव्हा.

या संशोधकांना अशी भेट मुद्दाम घडवून आणावी लागली. आपल्या कचेऱ्यांत तो माणूस रोज सकाळी दहापासून आपण होऊन रांगेत उभा असतो. गेल्या वर्षी आईच्या एका दाखल्यासाठी मी अशाच एका खिडकीसमोर तासभर होतो. जाड काच, तिला खाली अर्धगोल भोक. आतल्या बाईंना त्यातून दिसत होते फक्त हात आणि कागद. चेहरा दाखवायचा तर बाहेरच्यानं वाकायचं. माझ्या पुढचे आजोबा वाकून काहीतरी सांगू लागले, तेव्हा बाईंनी मान वर केली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, ‘काका, तुम्ही आत या. इथं बसा.’ मागून आवाज आला, ‘अहो, लोकांना आत घ्यायचं नाही, सांगितलंय ना?’