ब्रेनस्टेमचा स्ट्रोक: पेशंट घरी आल्यावर

आमचे फिजिओथेरपिस्ट आणि नर्स घरी येऊ लागले की बहुतेक कुटुंबांचा पहिला प्रश्न असतो, 'हातपाय तर हलतात, मग जेवण देण्याची नाकातली नळी अजून का?'

त्याचं कारण ब्रेनस्टेममध्ये आहे. मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा हा जेमतेम ७-८ सेंटीमीटरचा देठ. वरून खाली मिडब्रेन, पॉन्स आणि मेडुला असे त्याचे तीन भाग. मेंदूकडून हातापायांकडे जाणारे संदेश यातूनच उतरतात. शिवाय मेंदूच्या नसांच्या १२ जोड्यांपैकी १० इथल्याच. त्यामुळे इजा छोटी असली तरी त्रास मोठा होतो.

मिडब्रेनकडे मुख्यतः डोळ्यांच्या हालचाली आणि बाहुल्या. पॉन्सकडे चेहरा, चावणं, ऐकणं. पॉन्सच्या पुढच्या भागाला मोठी इजा झाली तर माणूस शुद्धीवर असूनही हलू-बोलू शकत नाही. डोळे वर-खाली करणं आणि पापण्या मिटणं एवढंच उरतं. त्यांना सगळं ऐकू येतं, कळतं. त्यांच्यासमोर 'आता काही खरं नाही' असं कृपया कुणीही बोलू नये. वर बघितलं तर 'हो', खाली बघितलं तर 'नाही', असं त्यांच्याशी ठरवून घ्या आणि रोज गप्पा मारा.

श्वास, रक्तदाब, खोकला आणि गिळणं मेडुला सांभाळतो. त्याच्या एका कडेला स्ट्रोक झाला तर हातापायांतली ताकद बरेचदा टिकते, पण आवाज घोगरा होतो, उचकी थांबत नाही, घास उतरत नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला आणि अंगाच्या विरुद्ध बाजूला गरम-गार कळेनासं होतं. अंघोळीचं पाणी आधी तुम्ही हात घालून बघा.

आता नळीबद्दल. गिळताना श्वासनलिका क्षणभर बंद व्हावी लागते. ते नीट झालं नाही तर पाणी फुप्फुसात उतरतं, आणि कधीकधी साधा ठसकाही लागत नाही. त्यातून न्यूमोनिया होतो. पाणी आणि चहा पातळ, झरकन घसरणारे, म्हणून ते जास्त धोक्याचे. 'दोनच चमचे' हा आग्रह प्रेमापोटी होतो हे आम्ही जाणतो, तरी गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका. परवानगी मिळाल्यावर ताठ बसवून, टीव्ही बंद ठेवून, लहान चमच्याने भरवा. नंतर अर्धा तास आडवं करू नका.

भरवल्यावर आवाज ओलसर, गुळगुळल्यासारखा येऊ लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अचानक एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली किंवा तोल गेला, तर आमच्या फोनची वाट न पाहता १०८ ला फोन करा.