फायर आयलंड सहल : वाटेतल्या सिनेगॉगविषयी

भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन आमच्या सहलीला येणारी मंडळी हमखास विचारतात, "समुद्र ठीक आहे, पण सिनेगॉग कशाला?" सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. त्याविषयीच हे पत्रक.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या दक्षिणेला वाळूची सुमारे 50 किलोमीटर लांब, चिंचोळी पट्टी आहे. तेच फायर आयलंड. बे शोअरच्या धक्क्यावरून बोटीने साधारण अर्धा तास लागतो. वस्त्यांमध्ये मोटारी नाहीत. उतरल्याउतरल्या धक्क्यावर छोट्या हातगाड्या साखळीने बांधून ठेवलेल्या दिसतील. किराणा, बॅगा, दमलेली नातवंडं, सगळं त्यातूनच घरी जातं.

मे अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत इथे गजबज असते, मग बहुतेक घरांना कुलपं लागतात. सीव्ह्यू वस्तीतलं सिनेगॉगही याच हंगामाचं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला उन्हाळ्यापुरत्या राहायला येणाऱ्या ज्यू कुटुंबांनी ते सुरू केलं. कादंबरीकार हर्मन वूक त्यांच्यात होते; 1952 चं पुलित्झर मिळालेले, आणि धर्माचे नियम कसोशीने पाळणारे. जुन्या प्रथेप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला 13 वर्षांवरचे किमान 10 पुरुष लागतात. सुट्टीवर आलेल्यांतून रोज दहा जण जमवायचे म्हणजे काय, हे सोसायटीच्या मीटिंगला कोरम जमवणाऱ्याला विचारा!

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना 'शनिवार तेली' का म्हणत, ते आठवा: शनिवारी त्यांचा घाणा बंद. तोच हा शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. तो शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, आणि जूनअखेर इथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. शब्बाथ पाळणाऱ्यांना त्याआधी बेटावर पोचावं लागतं. शनिवारी वाहन वर्ज्य, पण इथे वाहनच नाही, सगळे पायीच! न्यूयॉर्कमध्ये रस्ते आणि पूल उभारणारे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांना या बेटावरून लांबलचक रस्ता न्यायचा होता. 1964 मध्ये बेटाला राष्ट्रीय किनाऱ्याचा दर्जा मिळाला आणि तो बेत बारगळला. आमच्या मते, हे सिनेगॉग त्या न झालेल्या रस्त्याचंही देणं लागतं.

आम्ही तिथे रविवारीच नेतो. ओशन बीच या शेजारच्या गावी उतरून पूर्वेकडे थोडं चालायचं आहे. आत जायला मिळालं तर पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी आणा, उन्हालाही कामी येईल. ओशन बीचमध्ये रस्त्यात खाण्यापिण्याबाबत नियम कडक आहेत, तेव्हा थेपले आणि चिवडा बोटीतच संपवा.